विश्लेषण : हातात मावणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमना एवढा भाव का? त्यात पैसे गुंतवावेत का?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या डब्यात एखादा जुना व्हिडिओ गेम सापडतो. कधीकाळी दुबईहून आलेल्या काकांनी आणलेला, सेल संपल्यावर तसाच ठेवून दिलेला. परदेशातील लिलावांचे आकडे वाचलेले असतात, त्यामुळे ‘हाही लाखाचा असेल का?’ असा विचार मनात येतोच. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असते. तरीही काही गेमना मोठी किंमत का येते आणि ती टिकते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवात कुठून झाली?

हातात धरून खेळण्याच्या गेमचे लोण जगभर पोहोचवले ते जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘गेम अँड वॉच’ने. कंपनीतील अभियंते गुनपेई योकोई यांना बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ घालवताना दिसला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. एप्रिल १९८० मध्ये ‘बॉल’ हा पहिला गेम ५,८०० येनला बाजारात आला. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेला एलसीडी पडदा, बटणाएवढे सेल आणि सोबत घड्याळ, एवढाच त्याचा संसार. जुने, स्वस्त झालेले तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचे हे योकोईंचे सूत्र होते. १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये त्यांनी दिशा बदलण्यासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण दिले. पुढे गेमच्या यंत्रांवर ते सर्रास दिसू लागले. १९८९ मध्ये आलेल्या ‘गेम बॉय’मागेही योकोईच होते.

कोट्यवधी विकले गेले, मग दुर्मीळ कसे?

‘गेम अँड वॉच’ मालिकेतील सुमारे ४ कोटी ३४ लाख, तर ‘गेम बॉय’ आणि ‘गेम बॉय कलर’ मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. म्हणजे वस्तू दुर्मीळ नव्हती. दुर्मीळ झाली ती तिची चांगली अवस्था. ही मुलांची खेळणी होती. खोके त्याच दिवशी फाडले गेले, माहितीपत्रक हरवले, सेलचे झाकण पडले. म्हणूनच खोके, आतला थर्माकोल आणि माहितीपत्रक यांसह असलेला संच आणि नुसता गेम यांच्या किमतीत मोठी तफावत असते.

काही गेम मात्र मुळातच थोडे निघाले. १९८७ मध्ये निन्टेंडोने एका स्पर्धेचे बक्षीस म्हणून ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पिवळ्या रंगाचा ‘गेम अँड वॉच’ काढला. तो दुकानात कधीच विकला गेला नाही आणि त्याचे १० हजारच नग तयार झाले. अशा वस्तूंना संग्राहकांची मागणी कायम राहते.

किंमत नेमकी कशावर ठरते?

वय हा निकष सर्वांत शेवटचा. आधी पाहिले जाते ते संच पूर्ण आहे का, पडद्यावरची सगळी चित्रे उमटतात का, सेलच्या कप्प्यात गंज आहे का आणि वस्तू अस्सल आहे का. शेवटचा मुद्दा कळीचा आहे. ‘बॉल’चीच नवी आवृत्ती कंपनीने २०१० पासून आपल्या सभासदांना दिली, तिच्या पाठीवर सभासद मंडळाचे बोधचिन्ह आहे. ते न पाहता कुणी तिला १९८० ची समजले, तर फसगत ठरलेली. ‘पोकेमॉन’सारख्या लोकप्रिय खेळांच्या नकली काड्रिजनी तर बाजार भरलेला आहे.

२०२१ च्या विक्रमी लिलावांतून काय दिसले?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकली गेली. हा घरच्या टीव्हीवर खेळण्याचा गेम. पण त्या आकड्याने जुन्या गेमचा सगळाच बाजार तापला. गंमत म्हणजे त्या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. बोली लागली ती खेळाला नव्हे, तर न उघडलेल्या वेष्टनाला आणि त्यावरच्या प्रतवारीच्या गुणांना. पुढच्याच वर्षी एका प्रतवारी कंपनीने बाजारभाव कृत्रिमरीत्या फुगवल्याचा आरोप करत ग्राहकांनी अमेरिकेत दावा दाखल केला. त्या आरोपांचे काहीही होवो, मोजक्या खरेदीदारांच्या बाजारात एका लिलावाचा आकडा म्हणजे भाव नव्हे, हा धडा महत्त्वाचा.

सीलबंद वस्तू सुरक्षित असते का?

सोन्याचे नाणे तिजोरीत ठेवले तर तसेच राहते. इलेक्ट्रॉनिक वस्तूचे तसे नाही. आत राहिलेला सेल पाझरून पत्रे खातो. एलसीडीवरची पातळ फिल्म काळवंडते. सेगाच्या ‘गेम गिअर’मधील कॅपॅसिटर गळून आवाज बसतो, पडदा अंधूक होतो. गेम बॉयच्या अनेक काड्रिजमध्ये खेळातील प्रगती जपणारा नाण्याएवढा सेल असतो; तो संपला की प्रगती पुसली जाते. थोडक्यात, खोके न उघडल्याने किंमत वाढते, पण आतली वस्तू जिवंत आहे का, हे खोके उघडल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या गेमचे काय?

भारतात ऐंशीच्या दशकात असे गेम आले ते मुख्यतः परदेशातील नातेवाइकांच्या बॅगांतून. नव्वदच्या दशकात घरोघरी पोहोचला तो चिनी ‘ब्रिक गेम’. खोक्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेले, आत मोजक्याच खेळांचे वेग आणि पातळ्या बदललेले प्रकार. त्याला संग्राहकांच्या बाजारात फारसा भाव नाही. पण नक्कल म्हणजे कवडीमोल, असेही नाही. सोव्हिएत संघात निन्टेंडोच्या गेमवरून बेतलेला, लांडग्याने अंडी झेलण्याचा ‘इलेक्ट्रॉनिका’ गेम निघाला होता. तिथल्या पिढीच्या आठवणी त्याच्याशी जोडलेल्या असल्याने आज तोही जपला जातो. परदेशातून जुना गेम मागवणाऱ्यांनी मात्र टपालखर्च आणि सीमाशुल्क हिशेबात धरावे. विकताना ते परत मिळेलच असे नाही.

मग खरे मोल कशात?

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. गेम बॉयच्या बाबतीत उपलब्ध खेळांचे प्रमाण सहा टक्क्यांहूनही कमी आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने थ्रीडीएस यंत्राचे ऑनलाइन दुकान बंद केले आणि तिथे विकत मिळणारे गेम बॉयचे खेळही गेले. ग्रंथालयांनी जतन केलेले खेळ अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. म्हणजे यातील कित्येक खेळ आज हाताळायचे तर जुने काड्रिज आणि चालू यंत्र हाच कायदेशीर मार्ग उरतो, आणि ते बव्हंशी संग्राहकांकडे आहेत.

त्यामुळे भाव वाढेल या आशेने कर्ज काढून किंवा बचत मोडून असे गेम घेण्यात शहाणपण नाही. आवड म्हणून घ्यायचा तर चालणारा घ्यावा, जपावा आणि खेळावाही. माळ्यावर सापडलेल्या गेमची किंमत शोधण्याआधी सेलचे झाकण उघडून आतला जुना सेल काढावा. तो आधीच पाझरला नसेल, तर नवा सेल घातल्यावर पडद्यावरची चित्रे पुन्हा हलतीलही.