पोहणे, सायकल, धावणे : आधी पोरांना पाणी शिकवा

गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली एक शर्यत सुरू झाली. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवली की २१.१ किलोमीटर धावायचे. एकूण ११३ किलोमीटर, सगळे साडेआठ तासांच्या आत. हिला हाफ ट्रायथलॉन म्हणतात. अशाच शर्यती जगभर होतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, पण स्पेनच्या ताब्यात असलेले लांझारोते नावाचे बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे ज्वालामुखी उसळत होता. आजही काळा दगड, तुरळक पाऊस आणि सायकल ढकलून देणारा वारा ही त्या बेटाची ओळख आहे.

वाचताना अनेकांना आपला बालाघाट आठवेल. आपला काळा पाषाणही लाव्हाचाच आहे, फक्त काही कोटी वर्षे जुना. पाऊस आपल्याकडेही बेताचाच. वारा तर असा की आष्टी-पाटोद्याच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. फरक एवढाच की तिथे लोक पैसे भरून घाम गाळायला जातात आणि आपल्याकडचे लोक पोटासाठी गाळतात.

म्हणूनच वस्तीत व्यायामाचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते : "दिवसभर राबतो, तोच आमचा व्यायाम. हे श्रीमंतांचे चोचले आम्हाला कशाला?" शर्यतीची फी हजारोंत आणि सायकल त्याहून महाग, हे खरेच आहे. पण राबणे म्हणजे व्यायाम नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे.

शर्यतीत उतरणारा माणूस काय करतो ते बघा. तो अनेक महिने थोडे थोडे वाढवत तयारी करतो. आठवड्यातून विश्रांतीचा दिवस ठरवून घेतो. वाटेत किती पाणी, किती मीठ-साखर घ्यायची हे त्याने आधीच ठरवलेले असते. वाटेवर ठिकठिकाणी पाणी असते, शौचालय असते, डॉक्टर असतो. त्रास झाला तर तो थांबू शकतो. उसाच्या फडात यातले काय आहे? कोयता पहाटे सुरू होतो, मोळी डोक्यावरून गाडीत चढवायची, तीच कंबर आणि तेच गुडघे रोज, पाच-सहा महिने. उचल घेतलेली असते, म्हणून थांबता येत नाही. आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात आणि मग लघवीची जळजळ, ताप, पोटदुखी सुरू होते. शरीर तेवढेच झिजते, पण त्याची काळजी कुणी घेत नाही. व्यायामाने शरीर बनते ते कष्ट आणि विश्रांती दोन्ही मिळाल्यावर. नुसत्या कष्टाने ते मोडते.

तेव्हा शर्यत नको असेल तर नको, पण त्या खेळाडूची शिस्त आपण घेतलीच पाहिजे. उन्हात राबताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला थोडे थोडे पाणी प्या. एकदम पोटभर साधे पाणी पिणेही बरे नाही, कारण घामाबरोबर मीठही जाते. भाकरी-चटणी, मिठाचे ताक चालते. जुलाब किंवा खूप घाम झाला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा लहान घ्या आणि माप चुकवू नका. उन्हात कुणी बरळू लागले किंवा भोवळ येऊन पडले तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पाण्याचा पिंप आणि फिरते शौचालय ही मुकादमाकडे आणि कारखान्याकडे करायची पहिली मागणी आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे.

आता दुसरी बाजू. धावण्यात आपला जिल्हा मागे नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर दूरच्या शाळेत चालत-पळत जायचा. पुढे तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि तिथे त्याच्या पायांना शिक्षक मिळाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्य मिळाले, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणले. अंगात दम होताच. आहार, विश्रांती आणि मार्गदर्शन मिळाल्यावर तो दिसला.

सायकलही आपल्या पोरांना येते. अडते ते पोहण्यावर. त्यामागे इतिहास आहे. ज्यांना विहिरीच्या काठावर उभे राहू दिले नाही, त्यांच्या लेकरांनी पोहायला कुठे शिकायचे? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले ते माणूस म्हणून समान हक्कासाठी. त्या हक्कात पाण्यात निर्भयपणे उतरणेही येते, असे आम्हाला वाटते. आज शेततळी, खदानी, तलाव सगळीकडे आहेत आणि उन्हाळ्यात पोरे न सांगता तिकडे जातात. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार इतका निसरडा असतो की पडलेल्या पोराला वर येता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षा शिकवा असेच सांगते.

म्हणून प्रत्येक बुद्धविहार समितीने येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एक महिना यासाठी द्यावा. पोहणारे दोन जाणते माणूस, पायऱ्यांची एक विहीर, पाठीला बांधायला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा आणि काठावर दोर एवढे पुरते. मुलींना वगळू नका, त्यांची वेळ हवी तर वेगळी ठेवा. कुणी बुडत असेल तर न पोहणाऱ्याने उडी मारायची नाही, दोर, साडी, काठी फेकायची, हे प्रत्येक पोराकडून पाठ करून घ्या. सोबत नगरपरिषदेला आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज द्या : वस्तीतल्या मुलांसाठी पोहण्याचा तलाव आणि प्रशिक्षक, मोफत.

यातले एखादे पोर उद्या मिरामारच्या समुद्रात उतरेल, उतरणारही नाही. पण ते बुडणार नाही. आपल्यासाठी पहिला विजय तोच आहे.