ट्रामचा ब्रेक आणि खर्चाचा हिशेब

ट्राम रस्त्यावरून धावत असली, तरी तिचा धर्म आगगाडीचा आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर अल्प घर्षणाने फिरते. त्यामुळे वीज कमी लागते. परंतु त्याच कारणाने गाडी थांबावयास अंतर अधिक लागते. शिवाय समोर आलेल्या माणसाला चुकवून बाजूस वळणे तिला शक्यच नसते. कलकत्त्यात १९५४ च्या ऑक्टोबरात कवी जीवनानंद दास ट्रामच्या धडकेने जबर जखमी झाले आणि आठ दिवसांनी निवर्तले.

पश्चिम जर्मनीच्या १९८७ च्या ट्राम नियमावलीने ही अडचण ओळखली. रहदारीतून जाणाऱ्या ट्रामला घंटा, दिशादर्शक दिवे आणि ब्रेक लावल्याचे दर्शविणारे दिवे तर हवेतच. शिवाय चाकांच्या पकडीवर विसंबून नसलेला ब्रेकही हवा. त्यासाठी बसविलेला विद्युतचुंबक थेट रुळाला चिकटतो आणि पावसाने रूळ निसरडे झाले, तरी गाडी आवरता येते.

तोट्यातील वाहतूक संस्थेला हा खर्च कसा परवडावा, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ब्रेक न बसविल्याने खर्च वाचत नाही. तो संस्थेच्या हिशेबवहीतून निघून पादचाऱ्याच्या कुटुंबाच्या माथी बसतो, इतकेच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. उद्या एखाद्या शहराने पुन्हा रूळ टाकावयाचे ठरविलेच, तर या साधनांची किंमत पहिल्याच अंदाजपत्रकात धरली पाहिजे. अपघातानंतरच्या चौकशी अहवालात नव्हे.