सहल, संमेलन आणि शिलेवरचा हिशेब

दिवाळीची सुट्टी सरली की शाळेतून सहलीचे संमतीपत्र येते. पाठोपाठ स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. ‘अभ्यास बुडतो’ ही तक्रार आपल्या व्यापारी घरांतूनही ऐकू येते. तिचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे.

तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा 1. मुद्दल कायम राहावे आणि व्याजातून वर्षावासातील 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावेत, अशी ही व्यवस्था. निगमसभेत ती ऐकवून तिची रीतसर नोंदही झाली.

मुलांनी तेथेच हिशेब करावा. दरमहा 20, वर्षाचे 240. आणि 20 भिक्षूंचे प्रत्येकी 12 प्रमाणे 240च! वहीतले सरळव्याज येथे दानाची आणि बाजारातील विश्वासाची गोष्ट होते.

हाच प्रसंग संमेलनात नाटिकेच्या रूपाने यावा. कोणी उषवदात होईल, कोणी विणकर, कोणी नोंद करणारा लेखक. श्रेणीने ठेव का स्वीकारली, व्याज थकले तर काय, हे प्रश्न संवाद लिहितानाच पडतील. उद्या पेढी सांभाळणाऱ्या मुला-मुलींना त्यांची उत्तरे शोधावीच लागणार आहेत.

म्हणून संमतीपत्रावर सही करताना शिक्षकांना एवढे अवश्य विचारावे : मुले लेण्यांत किती वेळ थांबणार, आणि तेथे काय वाचणार?