गाडी माझी, चावी कंपनीची!

जुनी मोठी गाडी घरी दुरुस्तीला काढली की लोक दोनच प्रश्न विचारतात. "केवढ्याला पडली?" आणि "पार्ट मिळतात का?" अहो, पार्ट मिळतात! आपल्या गावात लोखंडाला कधी तोटा होता का? खरा प्रश्न असा की पार्ट बसवल्यावर गाडी त्याला ओळख देते का.. आणि ती ओळख करून द्यायचा अधिकार मालकाला नाही, मिस्त्रीला नाही, तर परदेशात कुठेतरी बसलेल्या कंपनीच्या सर्व्हरला आहे. आज ह्यावर जरा तावातावाने लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या वर्गात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शेंद्र्याच्या प्लांटमध्ये तर ऑडीच्या क्यू५, क्यू७ इथेच जुळवतात. आता साधा हिशेब करा. त्या काळात घेतलेली गाडी आज पंधरा वर्षांची झाली. पहिल्या मालकाने ती कधीच विकली, दुसऱ्याने वरातींत फिरवली, तिसऱ्याला सर्व्हिसिंग परवडेना आणि ती कुठल्यातरी शेडमध्ये ताडपत्रीखाली जाऊन पडली.

त्यातलीच एक मी घेतली. फोर बाय फोर, डिझेल, एअर सस्पेन्शन, एमएच-२० पासिंग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. नव्या हॅचबॅकच्या निम्म्याहून कमी पैशात मिळाली. गेले आठ महिने शनिवार-रविवार ती पडेगावात आमच्या अंगणात जॅकवर उभी असते आणि आईला कपडे वाळत घालायला गच्चीवर जावं लागतं. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही :)

ह्या आठ महिन्यांत एक गोष्ट पटली. यांत्रिक भागात दुरुस्त न होण्यासारखं काहीच नसतं. उंदरांनी इंजिनावरची वायरिंग खाल्ली होती. एकेक वायर सोलून, डाग देऊन, वर स्लीव्ह चढवून जोडली. सहा रविवार गेले, पण जोडली. एअर सस्पेन्शनच्या फुग्यातून हवा जात होती. ती कुठून जाते हे शोधायला साबणाचं पाणी पुरलं, पंक्चरवाला ट्यूबला लावतो तेच. ब्रेकच्या कॅलिपरचे सील बदलले, डिस्क लेथवर घासून आणल्या. फोर बाय फोर लावणाऱ्या मोटरमधल्या प्लास्टिकच्या छोट्या गिअरचे दात झिजले होते. कंपनी तो गिअर सुटा देत नाही, अख्खी मोटर घ्या म्हणते. वाळूजला एका वर्कशॉपमध्ये नमुना दिला, तीन दिवसांत पितळी गिअर कापून मिळाला. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आल्यापासून ज्या वाळूजमध्ये घरटी एक माणूस मशीनवर उभा राहिलाय, तिथे एक गिअर म्हणजे काय मोठं काम!

मग गाडी अडली कुठे? एका डबीपाशी. गाडीची उंची वरखाली करणारं एक कंट्रोल मॉड्यूल असतं, त्यात पाणी जाऊन ते मेलं होतं. कुर्ल्याहून तसंच दुसरं मागवलं. तोच मॉडेल, तोच पार्ट नंबर, अकरा हजार रुपये. बसवलं, चावी फिरवली, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मॉड्यूल उत्तम चालू आहे, फक्त त्याच्या पोटात दुसऱ्या गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर लिहिलेला आहे. गाडी म्हणते, तू आमच्यातला नाहीस. नंबर बदलायचा तर कंपनीचं टूल हवं आणि त्या टूलला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी हवी.

सर्व्हिस सेंटरला (हेही बिननावाचंच राहू दे) फोन केला. उत्तर ठरलेलं. जुना पार्ट आम्ही कोड करत नाही, नवा घ्या, लाखाच्या वर जाईल, दीड महिना लागेल, आणि तसंही सर गाडी आता जुनी झालीये, एक्स्चेंजचा विचार करा. आता बोला!

छावणीच्या बाजूचे एक उस्ताद मला मदत करतात. लष्कराच्या लिलावातल्या जीपवर हात बसलेला माणूस, इंजिनाच्या आवाजावरून व्हॉल्व्ह सांगतात. ते म्हणाले, "भैया, इंजन खोलना अपना काम है. ये ताला तो जिसने लगाया वोही खोलेगा." महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जुळवायला घेतली, तेव्हापासून आपल्याकडे गाडी दुरुस्त करायची एक परंपरा तयार झाली. पोरगा गॅरेजात पाना उचलून द्यायला लागतो आणि वीस वर्षांनी उस्ताद होतो. त्या अख्ख्या परंपरेला ह्या एका डबीने बिनकामाचं ठरवलं.

आणि हे कुलूप लिहितं कोण? आपल्याच धंद्यातली माणसं. पुण्यात, बंगळुरात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमच्या टीम आहेत, त्यात माझ्या बॅचचेही आहेत. त्यातल्या एकाशी ह्यावर दोन तास भांडलो. त्याचे मुद्दे सांगतो.

पहिला मुद्दा चोरीचा. कुलूप नसेल तर चोरीच्या गाड्या कापून पार्ट विकतील म्हणे. बरं. मग तपासा ना! आरसी बुक माझ्या नावावर आहे, गाडीची नोंद सरकारी 'वाहन' प्रणालीत आहे, मॉड्यूल ज्या गाडीतून निघालं तिचा नंबर त्याच्या पोटातच आहे. ती चोरीची आहे का, हे पाहायला सर्व्हरला किती वेळ लागेल? हे काम करणाऱ्याला विचारा, तो हसेल. म्हणजे चोर पकडायची सोय आहे, पण ती वापरायची नाही, आणि चोराच्या नावाखाली मालकालाच बाहेर उभं करायचं.

दुसरा सुरक्षिततेचा. एअरबॅग, ब्रेक ह्यांच्याशी कुणीही खेळू नये, एकदम मान्य. पण मग माहिती लपवल्याने गाडी सुरक्षित होते की उघड केल्याने? आज काय चालतं माहितीये? कुठून तरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणायचं, नशिबावर हवाला ठेवून कोडिंग करायचं. अधिकृत दार बंद केलं की लोक खिडकीतून शिरतात. कॉइल स्प्रिंगचं किटही मिळतं, बरेच जण वैतागून तेच टाकतात. गाडी चालतेही, पण ती मग ती गाडी राहत नाही, आणि मी ते करणार नाहीये.

तिसरा पर्यावरणाचा. इथे त्याचं थोडं खरं आहे. जुनं डिझेल रोज शहरात फिरवणं वाईटच, मी ती रोज फिरवणारही नाही. दौलताबादवरून खुलताबाद, म्हैसमाळ, एवढीच तिची धाव. पण "पंधरा वर्षं झाली, आता कायद्यानेच भंगार" हे जे सगळे बोलतात ते आपल्याकडे खरं नाही. तो वयाचा नियम दिल्ली आणि आसपासचा. महाराष्ट्रात आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते. त्याची केंद्रीय फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, भरू की! सरकार म्हणतं गाडी धड असेल तर चालवा. ती धड होऊ द्यायची नाही असं कंपनीने ठरवलंय.

बरं, हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. ती खुली करा असंही आयोगाने सांगितलं होतं. पुढे अपिलं, कोर्टबाजी. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच कौल देऊन टाकला की डीलरला मिळतं ते टूल आणि ती माहिती बाहेरच्या गॅरेजलाही द्या, रास्त भावात.

'श्रीमंतांच्या गाड्यांचे चोचले' म्हणून हसणाऱ्यांना एकच सांगतो. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर ह्याच कारणासाठी खटला भरला. तिथे विषय ट्रॅक्टरचा आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, आणि दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडे. आज माझी गाडी अंगणात अडली तर माझा एक रविवार जातो. उद्या कन्नडला, वैजापूरला पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर असा अडला तर?

माझी मागणी फार मोठी नाही. सोर्स कोड नकोय मला. आरसी बुक ज्याच्या नावावर आहे त्याला, किंवा तो सांगेल त्या गॅरेजला, जुना पार्ट गाडीशी जोडायची परवानगी फी घेऊन द्या. आणि ज्या मॉडेलला हात लावायचा नाही असं तुमचं ठरलंय, त्याचं कुलूप काढून टाका. ग्राहक व्यवहार खात्याला असं पत्र लिहून ठेवलंय, सोमवारी पाठवतोय. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणी वाचून तांत्रिक बाजू तपासून दिली तर बरं होईल.. नाव छापणार नाही, काळजी नसावी.