मीटर हेही मापच आहे

जुनी मोटार गॅरेजात आली की मालक आधी इंजिनाचे बोलतो, मग रंगाचे. जाता जाता म्हणतो, "मिस्त्री, किलोमीटरचे आकडे थांबलेत, जमले तर बघा." हे 'जमले तर'चे काम आमच्या मते साऱ्या गाडीत सर्वांत जबाबदारीचे आहे. इंजिन बिघडले तर आवाज येतो. मीटर खोटे बोलू लागले तर कोणालाच कळत नाही.

या कामाला आज मागणी आहे. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली. वीस वर्षांची मुदत भरून तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. साठच्या दशकातील फियाट आता त्या वयात बसते. अशा गाडीच्या मालकाला नवे मीटर नको असते. जुनेच चालू करून हवे असते. तेथे कारागिराच्या हाताला किंमत आहे.

मीटर उघडण्याआधी गाडी चालवून पाहावी. गिअरबॉक्सकडून येणारी केबल मीटरमधील चुंबक फिरवते. चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी व तिच्यावरचा वेगाचा काटा हलतो. त्याच दांड्यावरचे मळसूत्री दाते लहान गराऱ्यांमार्फत आकड्यांची चक्रे फिरवतात. म्हणून काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा केबलचा किंवा गिअरबॉक्सच्या टोकाचा. काटा चालतो पण आकडे थांबले, तर केबल बदलून गिऱ्हाइकाचे पैसे घालवू नयेत. दोष आत आहे.

आतल्या गरारीचे दाते तुटलेले असतात, नाही तर ती दांड्यावर सैल होऊन नुसती घसरते. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ गाड्यांत हा दुसरा दोष सर्वांना ठाऊक आहे. तेथे दांडा काढून गरारी बसते तेवढीच जागा खरबरीत करावी आणि गरारी पुन्हा दाबून बसवावी. चिकटद्रव्य ओघळले तर चक्रे जाम होतात. छापील आकड्यांना तेल लावू नये. मालकालाही सांगावे की ट्रिपचे आकडे शून्यावर आणताना गाडी उभी असावी. चालत्या गाडीत बटण दाबल्याने दाते तुटू शकतात.

आता खरा मुद्दा. चक्रे हातात आली की हवा तो आकडा लावता येतो. मग एखादा दलाल म्हणतो, "नव्वद हजारांचे चाळीस करा, मजुरी दुप्पट घ्या." तराजूची दांडी मारणे आणि हे काम, यांत आम्हाला फरक दिसत नाही. दोन्ही मापातले पापच.

शिवाय आकडा जुनाच ठेवला तरी बंद मीटरवर गाडी किती धावली हे मीटर सांगत नाही. ते कागदावर यायला हवे. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मीटर मागे फिरवणे गुन्हा ठरले. दुरुस्तीनंतर पूर्वीचा आकडा कायम ठेवता येत नसेल, तर तेथे मीटर शून्यावर लावावे लागते आणि दुरुस्तीपूर्वीचा आकडा व तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी लागते.

आपल्याला कोणी सांगण्याची वाट कशाला पाहायची? कारागीर बांधवांना आमची सूचना साधी आहे. बिलावर चार गोष्टी लिहाव्या: गाडी आली तेव्हाचा आकडा, गेली तेव्हाचा आकडा, तारीख, आणि मीटर किती दिवस बंद होते याबद्दल मालकाने दिलेली माहिती. खाली मालकाची सही घ्यावी, कार्बन प्रत आपल्याकडे ठेवावी.

कोणी म्हणेल, अशाने दलाल शेजारच्या गॅरेजात जाईल. जाईल खरा. त्या दिवशीची दुप्पट मजुरीही त्याच्याबरोबर जाईल, हे आम्ही लपवत नाही. पण जुन्या गाडीचा शौकीन पुढची गाडी घेण्याआधी कोणाला दाखवायला आणील? ज्याच्या बिलावर आकडा लिहिलेला असतो, त्यालाच.