कराचें दप्तर आणि परक्यांचा शोध

ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी आज अमेरिकेंत आहे. सबब तेथील प्राप्तिकराचा कायदा हा आतां केवळ परदेशचा विषय राहिला नसून आमच्या माजघरांतला झाला आहे. नाशकांत द्वारका भागांत राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं परवां आम्हांस विचारलें, "गुरुजी, आमच्या सुनेचें नांव व पत्ता तेथील कराच्या दप्तरांत आहे. तें दप्तर परकीयांना हद्दपार करणाऱ्या खात्याच्या हातीं जातें म्हणतात. तेव्हां तिनें यंदां विवरणपत्र भरूं नये, हें बरें नव्हे काय?" प्रश्न भयापोटीं आलेला असला तरी विचार करण्याजोगा आहे, म्हणून या खेपेस तोच घेतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. नोकरीच्या परवान्यावर तेथें गेलेल्या गृहस्थाच्या पत्नीस, तिला स्वतः नोकरीची मुभा नसल्यास, तेथील सामाजिक सुरक्षेचा क्रमांक सहसा मिळत नाहीं. पतीबरोबर संयुक्त विवरणपत्र भरतां यावें म्हणून करखातें तिला निराळा नऊ आंकडी क्रमांक देतें. ही सोय १९९६ पासूनची आहे. ज्यांच्यापाशीं वास्तव्याचा परवाना नाहीं असे मजूरही हाच क्रमांक घेऊन कर भरतात. अशा परवाना नसलेल्या लोकांनीं २०२२ सालीं मध्यवर्ती, प्रांतिक व स्थानिक मिळून सुमारें ९,६७० कोटि डॉलर कर भरला, असा तेथील एका अभ्याससंस्थेचा अंदाज आहे.

हे लोक आपण होऊन सरकारास आपला पत्ता सांगण्यास कसे धजले? कायद्यानें अभय दिलें होतें म्हणून. अध्यक्ष निक्सन यांच्या कारकीर्दींत राजकीय विरोधकांचीं करपत्रें मिळविण्याचे उद्योग झाले. ते उघडकीस आल्यावर १९७६ सालीं तेथील कायदेमंडळानें करकायद्याचें ६१०३ वें कलम कडक केलें. करदात्याची माहिती गुप्त राहील, आणि कायद्यांत सांगितलेल्या अपवादांखेरीज ती दुसऱ्या खात्यास मिळणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. फौजदारी गुन्ह्याच्या तपासासाठीं अपवाद आहे, पण त्यासही अटी आहेत. आणि केवळ परवान्याची मुदत संपल्यावर मागें राहणें ही तेथें दिवाणी बाब गणली जाते.

असें असतां ७ एप्रिल २०२५ रोजीं करखात्याची माहिती हद्दपारीच्या खात्यास देण्याविषयीं करार झाला. करखात्याच्या तत्कालीन हंगामी प्रमुख बाईंनीं त्यानंतर पद सोडलें. हद्दपारीच्या खात्यानें सुमारें १२ लक्ष ८० हजार लोकांचे पत्ते मागितले; त्यांपैकीं सुमारें ४७ हजारांचे ऑगस्टमध्यें देण्यांत आले. नोव्हेंबर २०२५ मध्यें वॉशिंग्टन येथील न्यायाधीश कोलीन कोलर-कोटेली यांनीं ही देवघेव बेकायदेशीर मानून थांबविली. याच विषयाचे दावे इतरही न्यायाधीशांपुढें गेले व सर्वांचें मत एक पडलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, जो परवान्यावांचून राहिला त्यास गुप्ततेचा हक्क कसला? या पक्षास प्राचीन राजनीतीचा दाखलाही मिळेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गोप नांवाचा अधिकारी करद व अकरद घरांची नोंद ठेवतो, आणि नगरांतील गृहस्थानें आल्यागेल्या पाहुण्याची वर्दी द्यावी असेंही सांगितलें आहे. परंतु त्या नोंदीचा हेतु उघड होता. येथें सत्तेनें आधीं "खरें सांग, तें बाहेर जाणार नाहीं" असें म्हणून कर घेतला, आणि मग त्याच कागदावरून त्याचें दार ठोठावूं पाहिलें. यांत अपराध्याचें शासन थोडें व दिलेल्या शब्दाचा भंग मोठा आहे.

शिवाय यांत राज्याचाच तोटा आहे. सुनेनें विश्वासानें सांगितलेलें दुखणें सासूनें पुढें कामाच्या वाटणीच्या भांडणांत काढलें, तर पुन्हा ती सून दुखणें सांगेल काय? प्राप्तिकर हा बव्हंशीं करदात्याच्या स्वतःच्या सांगण्यावर चालतो. तो भ्याला कीं रोखीची मजुरी पत्करतो. मग सरकारास करही मिळत नाहीं आणि पत्ताही नाहीं. हद्दपारीचा अधिकार राज्यास आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. तो त्यानें आपल्या साधनांनीं, जरूर तेथें न्यायाधीशाची आज्ञा घेऊन, चालवावा.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ५४ व्या कलमानें करदात्याचीं कागदपत्रें गुप्त ठरविलीं होतीं. १९६१ च्या कायद्यांत तें १३७ वें कलम झालें व १९६४ सालीं गाळलें गेलें. उरलेल्या १३८ व्या कलमांत, सार्वजनिक हितासाठीं आवश्यक वाटल्यास मध्यवर्ती सरकारानें राजपत्रांत सूचना काढून दुसऱ्या कायद्याखालील अधिकाऱ्यासही ही माहिती मिळूं द्यावी, अशी वाट ठेवलेली होती. महाराष्ट्रांतील एका अर्जदाराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं सांगितलें कीं, प्राप्तिकराचें विवरणपत्र ही खासगी माहिती असून व्यापक सार्वजनिक हित असल्याखेरीज ती माहितीच्या अधिकारांत मागतां येणार नाहीं. म्हणजे शेजाऱ्यास दार बंद झालें. सरकारच्या दुसऱ्या खात्यासाठीं मात्र किल्ली सरकारच्याच हातीं राहिली. याउलट १९४८ च्या जनगणनेच्या कायद्याचें १५ वें कलम पाहावें: जनगणनेची नोंद कोणास पाहतां येत नाहीं, व त्या कायद्याखालील गुन्हा सोडल्यास पुरावा म्हणूनही चालत नाहीं. करासही असेंच कवच असावें असें आमचें मत आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आमच्याच जिल्ह्यांत, मालेगांव येथें, उशिरां दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठीं राज्य सरकारनें जानेवारी २०२५ मध्यें विशेष तपास पथक नेमलें. तेथें दाखलाच खरा कीं खोटा हा प्रश्न होता. ज्या कागदाविषयीं संशय, त्याच कागदाची तपासणी, यास कोणी हरकत घेऊं नये. एका कामासाठीं खरा म्हणून दिलेला कागद दुसऱ्या कामास लावणें ही गोष्ट अगदीं वेगळी.

आतां त्या गृहस्थांस उत्तर. सुनेनें विवरणपत्र अवश्य भरावें, व खरें भरावें. तिचें वास्तव्य कायदेशीर आहे. कर चुकविला तर मात्र नसलेला दोष अंगीं येईल. परंतु आपली भीति सर्वस्वीं पोकळ नाहीं. मुलाची नोकरी सुटली तर दुसरी शोधण्यास साधारणतः फार तर ६० दिवस मिळतात. आज परवाना असलेला उद्यां परवान्यावांचूनचा ठरूं शकतो. म्हणूनच परक्या मजुराच्या पत्त्याची गुप्तता ही आपल्या सुनेच्याही पत्त्याची गुप्तता आहे, हें सुशिक्षित कुटुंबांनीं ओळखावें. आणि आपल्या देशांत परक्यांच्या शोधाची भाषा निघेल तेव्हांही हाच न्याय लावावा.