सोमवार सकाळची लोरायडर

सांस्कृतिक अभ्यास मराठी विभागांत शिरला, तेव्हापासून परिसंवादांत एक खेळ नेमाने रंगतो. कोणतीही लोकप्रिय वस्तू घ्यायची आणि तिच्यावर दोनपैकी एक शिक्का मारायचा : 'दिखाऊ' किंवा 'प्रतिरोधी'. पहिला शिक्का अभिरुचीच्या कैवाऱ्यांच्या हातात असतो, दुसरा सिद्धान्ताच्या. कॅलिफोर्नियातील लोरायडर, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतील जमिनीलगत बसवलेल्या, मन लावून रंगवलेल्या मोटारी, हे दोन्ही शिक्क्यांना सोयीचे उदाहरण आहे. आमचे भांडण दोन्ही पक्षांशी आहे आणि त्याचे कारण एकच : दोघेही ती गाडी रविवारी संध्याकाळी पाहतात. सोमवारी सकाळी तशीच गाडी कोणाला तरी कामावर नेते, हे दोघांच्याही गावी नसते.

आधी इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधील तरुणांनी जुन्या शेव्हरोले मोटारी घेतल्या, डिकीत वाळूची पोती टाकली, स्प्रिंगा कापल्या आणि गाड्या खाली आणल्या. त्याच काळात इतर हौशी लोक गाडीचा वेग वाढवण्याच्या मागे होते. यांनी मुद्दाम संथपणा निवडला आणि व्हिटियर बुलेव्हार्डवर गाड्या सावकाश मिरवल्या. १९५८ पासून राज्याच्या वाहन संहितेतील कलम २४००८ लागू झाले : गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. १९५९ मध्ये रॉन अगीरे याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. कळ दाबली की गाडी वर, पुन्हा दाबली की खाली.

या पंपावर सिद्धान्तवाद्यांचा विशेष लोभ. पोलीस दिसला की गाडी उचलायची, तो वळला की बसवायची. सत्तेला हुलकावणी देण्याचे याहून देखणे रूपक कुठे सापडणार? हे खोटे नाही, पण अर्धे आहे. वाळूच्या पोत्यांनी दबलेली गाडी रेल्वेच्या रुळांवर घासते, घराच्या चढावावर अडते, पोती काढल्याशिवाय वर येत नाही. पंपाने हा प्रश्नही सोडवला. त्याच यंत्राने मालकाला दंडापासून वाचवले आणि रोजच्या रस्त्यावर गाडी चालती ठेवली. शोधाची ही दुसरी बाजू निबंधांतून गळते, कारण चढाव हा काही 'सत्तेचा संकेतव्यूह' नव्हे. तो नुसताच चढाव असतो.

प्रतिरोध हाच या गाड्यांचा संपूर्ण अर्थ असता, तर एक अडचण उभी राहते. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये घातलेली मिरवण्यावरची बंदी २०२३ मध्ये उठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ए. बी. ४३६ या विधेयकावर गव्हर्नरांची सही झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यभरातील अशा बंद्या आणि गाडीच्या उंचीवरचे ते जुने बंधनही संपले. ज्याला विरोध करायचा तो कायदाच उरला नाही. मग २ जानेवारीला या गाड्या अर्थशून्य झाल्या काय? झाल्या नाहीत. ज्या अर्थाला टिकण्यासाठी कायम एक शत्रू लागतो, तो अर्थ वस्तूचा नसून समीक्षकाच्या गरजेचा असतो.

आता अभिरुचीवाद्यांकडे. त्यांचा आक्षेप असा की, बरी चालणारी गाडी खाली बसवून गैरसोय विकत घेणे हा निव्वळ माज आहे. गैरसोय खरी आहे. ती आम्ही लपवत नाही. स्प्रिंगांना आखडून काम करावे लागते, म्हणून प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याला कळतो. चाकांचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट नीट करून घेतले नाही तर टायर आतल्या कडेने झिजतात. इंजिनाखालचा चेंबर फुटण्याची धास्ती असते. मागे तीन माणसे बसली की नेहमीचा रस्ता सोडून दुसरा धरावा लागतो. गतिरोधकावर गाडी तिरकी घालावी लागते आणि मागच्याचा हॉर्न ऐकून घ्यावा लागतो. पण गैरसोय हाच निकष लावायचा तर वृत्तात लिहिणारा कवीही माजोरडाच ठरेल. त्याच्या बंधनाला आपण साधना म्हणतो आणि मोटारवाल्याच्या बंधनाला थिल्लरपणा. हा भेद कलेचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

याचा अर्थ खाली आणलेली प्रत्येक गाडी वंदनीय, असे नव्हे. करवतीने स्प्रिंग कापून, शॉकअप तसेच ठेवून केलेले काम धोक्याचे असते. वळणावर आणि ब्रेक दाबताना त्याची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. त्याचा निषेधच व्हावा. योग्य स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप बसवून, रोजचे ओझे सोसेल असे केलेले काम वेगळे. रूप भार पेलते की नाही, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रदर्शनाच्या मांडवात मिळत नाही.

हे सारे मराठीच्या अध्यापकांनी का सांगावे? कारण हीच चूक जात्यावरच्या ओवीच्या बाबतीत रोज होते. ओवी फळ्यावर लिहिली जाते, तिच्यातला सासुरवासाचा उल्लेख अधोरेखित होतो, 'स्त्रीचा प्रतिरोध' हा शब्द उच्चारला जातो आणि तास संपतो. जाते, खुंटा, दळण आणि पहाटेची वेळ ही सारी सामग्री वर्गाबाहेर राहते. पण ती ओवी जात्याच्या फेऱ्यांबरोबर चालत होती. पीठ पडत होते, म्हणून तिची लय तशी होती. काम वजा केले की उरतो तो आशय. आणि नुसत्या आशयासाठी ओवीच कशाला हवी?

आमच्या महाविद्यालयांच्या वाहनतळांवरही अलीकडे लोअर केलेल्या गाड्या दिसतात. त्यांवर कॅलिफोर्नियाचा इतिहास चिकटवण्याची घाई नको. इथे एका समाजाला रस्त्यावरून हुसकावणारा कायदा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे आणि नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करायला ते मनाई करते. मालकाने ते आधी वाचावे. पण त्या गाडीची वाटही जरा पाहावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतील गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे निवांत चढ-उताराचा आहे. गल्लोगल्ली रातोरात उगवणारे अरुंद उंचवटे त्या मापाच्या आसपासही नसतात. उंच गाडीवाल्याला हा फरक जाणवत नाही. बुटक्या गाडीवाल्याला तो दररोज जाणवतो. या पोराला वर्गात 'वाचन कमी' म्हणून हिणवले जाते. रस्ता मात्र तो ओळ न् ओळ वाचतो.

आमची मागणी साधी आहे. पुढच्या परिसंवादात कोणी एखाद्या वस्तूवर 'दिखाऊ' किंवा 'प्रतिरोधी' असा शिक्का उचलला, की श्रोत्यांतून एकाने उठून विचारावे : ही वस्तू सोमवारी सकाळी काय करते? उत्तर देता आले नाही, तर त्या निबंधाचा विषय ती वस्तू नव्हेच.